काम नसताना जाऊन यावं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



रौप्यमहोत्सवात बोलायला उभं केलं की संस्थेचा इतिहास सांगायचा असतो. पण तो आपल्या पहिल्या अध्यक्षांनी मघाशी इतक्या बारकाव्यानं सांगितला, की पहिल्या वर्षी पाण्याची टाकी कोणत्या कोपऱ्यातून गळत होती हेही आता शाळेतल्या पोरांना पाठ झालं असेल. जमाखर्च सचिवांनी मांडला. आभार मानायचं काम दुसऱ्यांकडे आहे. मग माझ्या वाट्याला उरलं काय? समितीला मी विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमच्या मनाचं बोला, फक्त वीस मिनिटांत आटपा." म्हणून मी मनातला विषय घेतो. ज्या गावात आपण काही वर्षं काढली आणि जे गाव सोडून आलो, तिथल्या मित्रांकडे परत जाणं, हा तो विषय.

हाच विषय का, तर या मांडवात मूळचे बारामतीकर किती आहेत असं विचारलं तर दहा-बारा हात वर येतील. बाकी आपण सगळे कुठून ना कुठून आलेलो. कोणी साखर कारखान्याच्या नोकरीमुळे, कोणी एमआयडीसीमुळे, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, आणि माझ्यासारखे बदलीच्या ऑर्डरमुळे. बारामतीला हे नवीन नाही. ज्या मोरोपंतांचं नाव आपण अभिमानानं घेतो ते मूळचे पन्हाळ्याचे. १७२९ साली तिकडे जन्मले, तरुणपणी इकडे आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हाकाठी राहिले आणि १७९४ साली इथंच त्यांनी देह ठेवला. श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' १७१८ साली याच गावात पूर्ण केलं. ते मूळचे नाझऱ्याचे. तेव्हा बाहेरून येऊन इथलं होऊन जायचं, ही या गावाची जुनीच चाल आहे. आपणही तसे झालो. पंचवीस वर्षांत पक्के झालो. प्रश्न एवढाच की इथले झाल्यावर तिथले थोडेफार उरतो की नाही.

माझं 'तिथलं' म्हणजे इंदापूर.

बँकेतल्या माणसाची अर्धी नोकरी सामान बांधण्यात जाते. माझ्याही आठ-नऊ बदल्या झाल्या. पण इंदापूरला मी १९७९ ते १९८५ अशी सलग सहा वर्षं होतो. वय अठ्ठावीस, लग्न नुकतंच झालेलं. मोठा मुलगा तिथंच जन्मला. आणि काळही साधा नव्हता. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागे मागे चढत होतं आणि काठावरची गावं उठून वर येत होती. मी शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. धरणग्रस्त शेतकरी मोबदल्याचे चेक घेऊन यायचे. त्यांना मुदत ठेवीची पावती करून दिली की ते ती उलटीसुलटी करून बघत बसायचे. पिढ्यान् पिढ्यांची काळी जमीन, आणि तिच्या बदल्यात तळहाताएवढा कागद. "साहेब, हे असंच ठेवू का मोडू?" असं विचारायचे. मी व्याजाचा दर सांगायचो. दुसरं काय सांगणार?

त्या सहा वर्षांत मला चार मित्र मिळाले. नावं घेत नाही, कारण त्यांना ते आवडायचं नाही. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, आमच्याच वाड्यात शेजारच्या खोल्यांत राहायचे. दुसरे आमच्या शाखेचे हेडकॅशियर. तिसरा निमगाव केतकीचा पानमळेवाला. आधी कर्जदार होता, मग मित्र झाला. कर्ज वेळेवर फेडलं म्हणून मैत्री टिकली असं तो म्हणायचा. आणि चौथा पळसदेवचा, ज्याचं घर पाण्यात गेलं होतं.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. नातेवाइकांकडे जायला आपल्याकडे रीत घालून दिलेली आहे. लेकी नागपंचमीला, दिवाळीला माहेरी जातात. भाऊबीजेला भावाकडे जायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही. गावची जत्रा आली की पुण्या-मुंबईचा माणूस रजा टाकून येतो. लग्न, बारसं, दहावा, वर्षश्राद्ध, प्रत्येकाचं निमंत्रण ठरलेलं आणि उपस्थितीही ठरलेली. नाही गेलो तर कोणीतरी विचारतं. भावकीत भांडण असलं तरी रीत माणसाला ओढून नेते.

पण बदलीच्या गावातला मित्र? त्याच्याकडे जायला कुठला सण आहे? इंदापुरात माझी भावकी नाही, शेत नाही, कुलदैवत नाही. तिथल्या मतदार यादीतून नाव कधीच गेलं. तिथं मला ओढून नेईल अशी एकही रीत नाही. म्हणून अशी मैत्री तुटत नाही, पण वाळत जाते. भांडण काही होत नाही. नुसतं 'येऊ कधीतरी' असं दोन्हीकडून म्हटलं जातं, आणि पुढची भेट थेट कोणाच्या तरी दहाव्याला होते. घाटावर उभं राहून आपण एकमेकांना सांगतो, "अरे, असं भेटण्यापेक्षा एकदा निवांत भेटलं पाहिजे." आणि गाडीत बसून परत येतो.

रीत नसेल तर ती आपणच घालून घ्यावी लागते. याचा सगळ्यात मोठा नमुना आपल्याच रस्त्यावरून दरवर्षी जातो. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा १६८५ च्या सुमारास तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी सुरू केला असं मानतात. पालखी बारामतीत शारदा प्रांगणात मुक्कामाला असते. पुढे काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, आणि मग इंदापूर. वारकरी जातो पांडुरंगाला भेटायला, ते खरंच. पण वाटेतलं बघा. एकेका दिंडीची उतरायची जागा ठरलेली. त्याच वाड्यात, त्याच ओसरीवर वर्षानुवर्षं. घरची मंडळी आमंत्रण पाठवत नाहीत, दिंडीवाले येतो म्हणून कळवत नाहीत. ज्येष्ठ-आषाढात त्या दिवशी पिठलं-भाकरी तयार असते. आल्यावर दिंडीतली म्हातारी पहिल्यांदा विचारते, "थोरल्या बाई दिसत नाहीत?" एका रात्रीची ओळख, पण वर्षातून एकदा, न चुकता. तीस-तीस वर्षं हे चालतं आणि दोन घरांची तिसरी पिढी एकमेकांना ओळखते. या ओळखीला ना नातं आहे, ना व्यवहार. ठरलेल्या दिवशी येणं-जाणं आहे, तेवढ्यावर ती टिकली.

मी निवृत्त झालो २०११ साली, आणि ठरवलं की आपलीही एक छोटी वारी लावायची. बँकवाल्याच्या डोक्यात वर्ष चार तिमाह्यांचं असतं. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिमाही संपत आली की इंदापूरला एक फेरी. कोणाचं लग्न नाही, कार्य नाही, काम नाही. आमच्या घरी त्याला 'क्लोजिंग' म्हणतात. सौ. विचारतात, "क्लोजिंगला कधी निघणार?" कोरोनाच्या काळात खंड पडला तेवढाच.

मी एसटीनं जातो. मुलगा म्हणतो गाडी घेऊन जा, पण पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी झाली की 'अमृत' योजनेत फुकट. तिथं पोचायला मला आता काहीच महिने राहिलेत. (हशा.) सौ. बरोबर असल्या तर त्यांनाही अर्धं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. काटेवाडी, भवानीनगरचा छत्रपती कारखाना, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, मग ते जंक्शन. रेल्वेगाडी येत नाही, पण गावाचं नाव जंक्शन. अंथुर्णे, शेळगाव फाटा, निमगाव केतकी. पालखी महामार्गाच्या कामात रस्ता रुंद झाला आणि जुनी झाडं गेली. पूर्वी ज्या वळणावर चहाला थांबायचो ते वळणच राहिलं नाही. पण कऱ्हा आणि निरेकाठच्या उसाचा वास तोच आहे, आणि भवानीनगरजवळ आलं की डोळे मिटूनही कळतं कुठं आलो ते.

पळसदेवच्या मित्राचं मुद्दाम सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं होतं, तुम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल. पाणी उतरलं की जुन्या पळसदेवच्या हेमाडपंती देवळाचं आधी शिखर दिसायला लागतं, आणि आणखी उतरलं की सगळं देऊळ उघडं पडतं. त्या वर्षी पडलं. मित्राचा फोन आला, "तिमाहीची वाट बघू नका, आत्ता या." मी गेलो. वाळलेल्या गाळातून चालत गेलो. तो काठी टेकत मला दाखवत होता. ही आमची आळी. इथं पिठाची गिरणी. इथं तालीम. मला दिसत होते नुसते दगड आणि शिंपले. पण तिथं आणखी वीस-पंचवीस म्हातारी माणसं फिरत होती. कोणी करमाळ्याकडून आलं होतं, कोणी पुण्याहून मुलाच्या गाडीतून. एकमेकांना कोणी बोलावलं नव्हतं. ओळख मात्र अशी पटत होती: "तुम्ही वेशीजवळचे का? म्हणजे गिरणीच्या मागचे!" गिरणी नाही, वेस नाही, पण पत्ता तोच. माझा मित्र आणि त्याचा चौथीतला वर्गमित्र तिथं किती वर्षांनी भेटले माहीत आहे? पंचेचाळीस. एक नव्या पळसदेवला, दुसरा नदीच्या पलीकडच्या जिल्ह्यात. काकड्या कापून खाल्ल्या, देवळाच्या दगडावर बसून तास दीड तास बोलले, आणि शेवटी वर्गमित्र म्हणाला, "आता पुढचा दुष्काळ पडेल तेव्हा."

सगळे हसले. मीही हसलो. पण येताना बसमध्ये तेच वाक्य डोक्यात राहिलं. त्यांचं गाव पाण्याखाली आहे. त्यांना दुष्काळाची वाट बघावी लागते. आपण कशाची वाट बघतो? आपलं गाव कोरड्या जमिनीवर आहे. रस्ता आहे, एसटी आहे, गुडघे अजून चालतात.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आता फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, रोज सकाळी गुड मॉर्निंग येतं. खरं आहे. मलाही दररोज चाळीस फुलं येतात. फोनला मी नावं ठेवत नाही. पण फोनवर माणूस 'मजेत आहे' एवढंच सांगतो. ज्याला ऐकू कमी येतं तो तर सगळ्यालाच 'हो, हो' म्हणतो. मजेत आहे की नाही ते घरात शिरल्यावर कळतं.

दोन वर्षांपूर्वीची मार्चची फेरी. गुरुजींकडे गेलो. आठवड्यातून एकदा आमचा फोन व्हायचा, दर वेळी "एकदम छान". त्या दिवशी वहिनी चहा करत होत्या आणि मी पाणी प्यायला फडताळाजवळ गेलो, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसली. पट्टीवर तारीख घालायची गुरुजींची जुनी सवय. तारखा एक दिवसाआड होत्या. मी विचारलं, डॉक्टरांनी कमी केल्या का? गुरुजी काही बोलेनात. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, तीन महिने पेन्शन आली नाही. यांनी कोणाला सांगू दिलं नाही. मुलाला पण नाही."

झालं होतं असं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुरुजी एका केंद्रावर जाऊन मशीनवर अंगठा देऊन आले. या वयात बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा नीट उमटत नाही. तिथला मुलगा "होऊन जाईल, आजोबा" म्हणाला, आणि गुरुजींनी विश्वास ठेवला. दाखला काही गेलाच नव्हता. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस, आपण हयात आहोत हे सिद्ध झालं नाही याची त्यांना लाज वाटत होती. आता यात लाज कसली? पण वाटते. आपल्या पिढीला पैशाची अडचण बोलून दाखवणं जड जातं, आणि फोनवर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी थांबलो. दोघं मिळून बँकेत आणि कार्यालयात गेलो, कागदी दाखला सही-शिक्क्यानिशी दिला. पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू झाली, थकलेली रक्कमही जमा झाली. मी काही पराक्रम केला नाही. नोकरीभर तेच काम केलं होतं. पण मी तिथं गेलो नसतो तर गोळ्या एक दिवसाआड चालल्या असत्या.

विषय निघालाच आहे तर इथल्या ज्येष्ठांसाठी दोन मिनिटं घेतो, अध्यक्षांनी घड्याळ बघू नये. डिजिटल हयातीचा दाखला २०१४ पासून आहे. अंगठा उमटत नसेल तर आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तेही जमलं नाही तर कागदी दाखला चालतो. दाखला स्वीकारल्याचा मेसेज किंवा पावती हातात आल्याशिवाय समाधान मानू नका. आणि सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना दिलेली आहे. शाखेत विचारा. संकोच करू नका. आणि खात्याला वारसाचं नामांकन केलंय का, तेही एकदा बघून घ्या.

दुसरा प्रसंग हेडकॅशियरांचा. त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर बारामतीच्या दवाखान्याच्या फायली. गेल्या चार महिन्यांत ते तपासणीला तीनदा बारामतीत येऊन गेले होते. आपल्या बिल्डिंगपासून दवाखाना पंधरा मिनिटांवर. दवाखान्याच्या बाकावर बसून डबा खाल्ला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. मी म्हटलं, "अहो, घर आहे ना आमचं तिथं!" तर म्हणाले, "तुम्हाला कशाला त्रास?" मंडळी, इंदापूर तालुक्यातून उपचाराला बारामतीला येणाऱ्यांची रीघ आहे. आपल्यातल्या प्रत्येकाचा एखादा जुना मित्र त्या बाकावर डबा उघडून बसलेला असू शकतो. आपण त्याच्याकडे जात राहिलो तर तो आपल्याकडे येतो. आपण जाणं सोडलं की त्याला आपलं घर 'त्रास' वाटायला लागतं. यात त्याचा दोष नाही. आता कॅशियर तपासणीला येतात तेव्हा जेवायला आमच्याकडे असतात, आणि दुपारी अर्धा तास झोपूनही जातात.

जाण्याचेही काही नियम आहेत, अनुभवातून आलेले.

पहिला, आधी फोन करून जावं. अचानक जाऊन आश्चर्याचा धक्का द्यायचं आपलं वय राहिलं नाही आणि त्यांचंही नाही. शिवाय त्या घरात आता स्वयंपाक सूनबाई करतात. त्या नोकरीलाही जातात. तेव्हा "जेवायला नाही, चहाला येतोय" असं स्पष्ट सांगावं, आणि खरोखर चहाच घ्यावा. सूनबाईंना आपलं येणं जड झालं नाही, तर आपल्याला पुढेही बोलावतील.

दुसरा, मागच्या वेळी कोण कोणाकडे आलं होतं याचा हिशेब ठेवू नये. हे मी सांगतोय, ज्यानं आयुष्यभर नावे-जमा केलं! मैत्रीचं खातं ताळ्याला आणायला बसलं की ते बंदच करावं लागतं. ज्याचे पाय चालतात त्यानं जावं.

तिसरा, पोचल्या पोचल्या "काय होतं गाव आणि काय झालं!" हे सुरू करू नये. आपण सोडून गेलो; ते तिथंच राहिलेत. गाव बदललं ते त्यांच्यासाठी बदललंय, आणि कित्येकदा बऱ्यासाठी. आपण होतो तेव्हा उन्हाळ्यात पाण्याचे हाल होते. आज त्याच उजनीच्या पाण्यावर डाळिंब, केळी, ऊस, मासेमारी चालते. मालोजीराजांच्या गढीकडे फिरायला जाऊ म्हटलं, तर मित्राचा नातू म्हणाला, "आजोबा, आधी मी तुम्हाला माझं दुकान दाखवतो." मी दुकान बघितलं. त्याला फार बरं वाटलं. गढी कुठे जाते?

चौथा, प्लॉटचे भाव विचारू नयेत. जुन्या गावात जाऊन जमिनीचा दर विचारला की समोरच्याला वाटतं, हा कामासाठीच आलाय. काम नसताना जाण्यातली सगळी गंमत तिथंच संपते.

आणि पाचवा नियम अवघड आहे. मित्र गेल्यावरही जावं.

निमगाव केतकीचा माझा पानमळेवाला मित्र २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हा कोणालाच जाता आलं नाही. अंत्यविधीला नाही, दहाव्याला नाही. निर्बंध उठल्यावर पहिल्या तिमाहीला मी निमगावला उतरलो. बस थांब्यावर मनात आलं, आता इथं आपलं कोण? वहिनींनी दार उघडलं. काही बोलल्या नाहीत. पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग मुलगा मळ्यातून आला आणि म्हणाला, "काका, चला." पानमळ्यात आत शिरलं की बाहेर ऊन कितीही असलं तरी गारवा असतो. तिथं त्यानं मला विचारलं, "पहिलं कर्ज दादांनी कशासाठी काढलं होतं?" मी सांगितलं. विहिरीसाठी. जामीन कोण राहिलं, किती खोलीवर पाणी लागलं, पाणी लागलं त्या दिवशी बापानं शाखेत पेढे कसे वाटले, सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. घरातल्या माणसांना तो वडील म्हणून माहीत होता. तिशीतला तो कसा होता हे मलाच ठाऊक होतं. म्हणजे त्या घराचं काहीतरी माझ्याकडे ठेवीत होतं, आणि ते ज्याचं त्याला पोचवायचं होतं. निघताना पानं केळीच्या पानात बांधून दिली. अजूनही जातो. वहिनी दर वेळी दारापर्यंत येतात आणि विचारतात, "आता जूनला ना?"

असो. आता आपल्या संस्थेकडे येतो, कारण हे सगळं मी इंदापूरचं कौतुक करायला सांगितलं नाही.

या कार्यक्रमाच्या पत्रिका वाटायच्या ठरल्या तेव्हा समितीनं मला जुन्या सभासदांची यादी करायला सांगितलं. पंचवीस वर्षांत आपल्या इथून फ्लॅट विकून किंवा भाड्यानं सोडून कितीतरी कुटुंबं गेली. कोणी पुण्याला मुलाकडे, कोणी परदेशात, कोणी परत गावाकडे शेतावर. आपलं दप्तर चोख आहे. सहकार कायद्याप्रमाणे 'आय' नमुन्याची नोंदवही आहे, 'जे' नमुन्याची यादी आहे. फ्लॅट विकला की जुन्याचं नाव कमी होतं, नव्याचं चढतं. हस्तांतरण फी घेतली, पावती दिली, विषय संपला. पण त्या माणसाचा आताचा पत्ता, फोन नंबर लिहायला त्या नोंदवहीत रकाना नाही. आणि असायचं कारणही नाही. कायद्याला सभासद माहीत असतो, शेजारी माहीत नसतो.

यादी करताना कळलं, की निम्म्याहून जास्त जणांचा आज आपल्याला पत्ताच नाही. ज्या काकूंनी आपल्या पहिल्या गणपतीत एकवीस दिवस... चुकलो, अकरा दिवस, (हशा) रोज मोदक केले, त्या कुठे आहेत ते कोणाला सांगता आलं नाही. ज्या दादांनी पार्किंगमधला कडुनिंब लावला, त्यांचा फोन बंद लागतो. हे आपल्याला सोडून गेलेले लोक नाहीत. आपण यांचं 'इंदापूर' आहोत. कदाचित त्यातला एखादा पुण्यात कोणत्या तरी अकराव्या मजल्यावर बसून म्हणत असेल, बारामतीला एकदा जाऊन यायला पाहिजे. पण तिथं आता आपलं काय काम?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो, आणि त्यांना खर्च जवळजवळ शून्य आहे, हे खजिनदारांनी लक्षात घ्यावं.

एक, नोंदवहीच्या शेजारी एक साधी दोनशेपानी वही ठेवू. 'आपल्याकडून गेलेले' एवढंच वर लिहू. कोण कुठे गेलं, फोन, मुलांचे फोन. ज्याला जे माहीत असेल ते त्यानं वॉचमनच्या केबिनमध्ये येऊन लिहावं. काम मी करतो.

दोन, वर्षातला एक दिवस ठरवू. दिवाळीनंतरचा पहिला रविवार म्हणा. त्या दिवशी संध्याकाळी खाली चहा. भाषण नाही, सत्कार नाही, पत्रिका नाही. जुन्यांपैकी ज्याला यायचं त्यानं यावं. पहिल्या वर्षी दोनच आले तरी दुसऱ्या वर्षी चहा ठेवायचा. पालखीच्या वाटेवरची घरं कोणी आलं का ते विचारून स्वयंपाक करत नाहीत.

तीन, हे तरुणांसाठी. बाळांनो, तुम्ही उद्या पुण्याला, बेंगळुरूला, आणखी कुठे जाल. जावंच. पण जिथं जिथं राहाल तिथल्या निदान एका माणसाकडे वर्षातून एकदा काम नसताना जाऊन या. आणि तुमच्या आजोबांना एखाद्या रविवारी विचारा, "आजोबा, तुमचा जुना मित्र कुठं राहतो? चला, सोडतो तुम्हाला." त्यांना मोबाईलचा नवा हँडसेट दिलात त्यापेक्षा ते जास्त आवडेल. गाडीत पेट्रोल तुमचं, पुढचं सगळं ते बघून घेतील.

वीस मिनिटं झाली, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. वहीचा आणि दिवाळीनंतरच्या चहाचा ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत रीतसर मांडणार आहे. सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे. ज्यांची तयारी असेल त्यांनी आत्ताच हात वर करावा, म्हणजे सचिवांना नाव लिहून घेता येईल.